दिवस राहिले म्हणून थायरॉईडची गोळी सोडू नका

‘दिवस राहिले की थायरॉईडची गोळी बंद कर, बाळाला उष्ण पडते’ हा सल्ला जळगाव-धुळ्याकडे सासर-माहेर दोन्हीकडून मिळतो. खरं नेमकं उलट आहे. पहिले साधारण 12 आठवडे बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. थायरॉईड कमी पडतं म्हणून दिलेल्या गोळीत तेच असतं. म्हणून तर दिवस राहिल्यावर डोस बहुधा 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो. मूल हवं असेल तर आधीच टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) करून डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएचचा आकडा 2.5 च्या खाली आणा. पाळी चुकली की लगेच दाखवा. गोळी उपाशीपोटी, चहा किमान अर्ध्या तासाने. रक्तवाढीची, कॅल्शियमची गोळी मात्र चार तासांनी.