टीव्हीचं ॲप रिमोटने चालवून मगच तपासायला आणा
(मोबाईल व टीव्ही ॲप बॅचच्या विद्यार्थ्यांसाठी आणि चौकशीला येणाऱ्यांसाठी)

"सर, मोबाईलवर व्हिडिओचं ॲप मस्त चालतंय, आता फक्त टीव्हीवर टाकायचंय." दर बॅचला हे ऐकायला मिळतं. कोटलिन ही भाषा, पडदे बनवायचं कम्पोझ आणि ॲप लिहायचं ॲण्ड्रॉइड स्टुडिओ तुमच्या हातातलं आहे, असं आम्ही धरून चालतो. ॲप ॲण्ड्रॉइड टीव्हीवर चढतंही. अडतं ते रिमोट हातात घेतल्यावर.

चार बाण, मधलं ओके आणि बॅक, एवढ्यावर टीव्हीचं अख्खं ॲप चाललं पाहिजे. म्हणजे पडद्यावर सतत कशावर तरी फोकस (आत्ता काय निवडलंय त्याची खूण) हवा आणि तो सोफ्यावरून ठळक दिसायला हवा. प्रोजेक्टमध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे व्हिडिओच्या कार्डावर कम्पोझच्या पॉइंटर-इनपुटने (फक्त स्पर्श ओळखणाऱ्या कोडने) टॅप पकडलेला असतो. बोटाने कार्ड उघडतं, पण रिमोटचा बाण त्यावर थांबतच नाही. तिथे कम्पोझचंच क्लिकेबल वापरलं की फोकसही मिळतो आणि ओकेही चालतं. तसंच, रांगेतलं सातवं कार्ड उघडून बॅक दाबलं की फोकस सातव्यावरच परत यायला हवा. तो पहिल्यावर उडाला, तर बघणाऱ्याला पुन्हा सहा वेळा बाण दाबावा लागतो.

या चुका घरी का सापडत नाहीत? कारण बरेच जण टीव्ही बॉक्सला यूएसबी माऊस लावून ॲप तपासतात. माऊसने सगळं उघडतं, चूक झाकली जाते आणि मग वर्गातला प्लेअर शिकवायचा वेळ फोकस शोधण्यात जातो. म्हणून आमच्याकडे टीव्हीला माऊस लावू देत नाही आणि रिमोटने पूर्ण न चालणारा प्रोजेक्ट तपासायला घेत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण प्ले स्टोअरवर टीव्हीचं ॲप देताना हीच अट असते. तिथून परत येण्यापेक्षा इथे अडलेलं बरं. एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली टीव्ही) वापरत असाल तर कीबोर्डच्या बाणांनी फिरा.

मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाईलमध्ये) टचस्क्रीन 'आवश्यक नाही' असं लिहा, ॲप टीव्हीच्या होमवर दिसावं म्हणून लीनबॅक लाँचरची नोंद करा आणि तिथे दिसणारा ३२० बाय १८० पिक्सेलचा बॅनर द्या. मजकूर कडांना चिकटवू नका: डावी-उजवीकडे ४८ डीपी (ॲण्ड्रॉइडचं पडद्यावरचं माप), वर-खाली २७ डीपी मोकळे सोडा. होम दाबल्यावर व्हिडिओचा आवाज मागे चालू राहिला, तर एक्झोप्लेअर (व्हिडिओ चालवणारी लायब्ररी) रिलीज करायला विसरलात.

सॅमसंगच्या टायझेनवर आणि एलजीच्या वेबओएसवर हे ॲप चालत नाही. तिथे जावास्क्रिप्टचं काम वेगळं असतं आणि ते या बॅचमध्ये येत नाही. फी भरण्याआधीच आम्ही हे सांगतो.

घरच्या ॲण्ड्रॉइड टीव्हीवर सराव करायचा असेल, तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा ओके दाबून डेव्हलपर पर्याय उघडा, डीबगिंग सुरू करा आणि लॅपटॉप त्याच वायफायवर ठेवून एडीबीने (ॲण्ड्रॉइड स्टुडिओसोबत येणाऱ्या जोडणीच्या टूलने) जोडा. घरी तसा टीव्ही नसेल, तर वर्गातले टीव्ही रिमोटसकट संध्याकाळी सरावाला मोकळे असतात. वेगळे पैसे नाहीत, फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा.