हेल्स गेटला जायचंय? आधी लस, मग ईटीए, मग तिकीट

केनियातलं हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान जेमतेम ६८ चौरस किलोमीटरचं. बोरिवलीचं संजय गांधी उद्यानसुद्धा त्याहून मोठं आहे. नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नैवाशा तलावाला लागून. सिंह-हत्ती इथे नसल्यातच जमा, म्हणून झेब्रे, जिराफ आणि रानडुकरांच्या मधून चक्क सायकलने फिरता येतं. लाल कड्यांवर गिधाडं, मध्येच उभा फिशर्स टॉवरचा सुळका, खाली ओल न्योरोवा घळ. हे सगळं एका दिवसात होतं. कागदपत्रांना मात्र महिनाभर आधी लागावं.

सर्वांत जास्त गोंधळ पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा होतो. भारतातून थेट केनियात उतरणाऱ्याकडे लसीचा दाखला सहसा मागत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण दाखला मागतं ते आपलंच विमानतळ, परत आल्यावर. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. वैध दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यानंतर दाखला वैध व्हायला १० दिवस लागतात. एकदा झाला की तो आयुष्यभर चालतो, पूर्वीसारखी दहा वर्षांची मुदत आता नाही. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य संस्थेकडे आणि गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य संस्थेकडे ही सोय आहे. मूळ पासपोर्ट सोबत न्या आणि दाखल्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. तान्ह्या बाळांचा पेच वेगळाच आहे. परतताना सहा महिन्यांखालच्या बाळाला दाखल्यातून सूट मिळते, पण लस साधारण नऊ महिन्यांनंतरच देतात. मधल्या वयाचं बाळ असेल तर सहल पुढे ढकललेली बरी.

आता ईटीए. जानेवारी २०२४ पासून केनियाने जुना व्हिसा बंद करून ही प्रवासपूर्व ऑनलाइन परवानगी सुरू केली. भारतीय पासपोर्टवर ती लागतेच, आणि घरातल्या प्रत्येकाची वेगळी, लहान मुलांचीसुद्धा. लागतं ते एवढंच: प्रवेशाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध पासपोर्ट, त्याच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ फोटो, स्वतःचा फोटो, जाण्यायेण्याचं विमान-आरक्षण, राहण्याच्या जागेचं आरक्षण, ईमेल आणि फोन क्रमांक. निकालाला तीन कामकाजाचे दिवस धरतात; तुम्ही दोन आठवडे हाताशी ठेवा. नैरोबीत उतरून तिथेच काढू, हा विचार सोडा, कारण ईटीए नसेल तर मुंबईतच विमानात चढू देणार नाहीत.

अर्ज अडकतात ते तीन ठिकाणी. पहिलं नाव. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांत ‘दिलेलं नाव’ या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. अर्जात ते जसंच्या तसं आलं पाहिजे. दुसरं कार्ड. भारतीय बँकांच्या नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मगच शुल्क भरा. तिसरं संकेतस्थळ. शोधयंत्रात वर येणारी बरीच पानं दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. केनिया सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गो डॉट केई’ने संपतो, तेवढं पाहिलं तरी पुरे.

उद्यानाच्या प्रवेशाचे पैसे गेटवर रोख घेत नाहीत. केनिया वन्यजीव सेवेचं तिकीट ‘ई-सिटिझन’ या सरकारी पोर्टलवर कार्डाने किंवा एम-पेसाने (तिथली मोबाइलवरून पैसे भरायची सेवा) काढायचं. प्रवासीगट नीट निवडा: पर्यटक म्हणून आलेला भारतीय ‘अनिवासी’ गटात येतो. नोकरीनिमित्त नैरोबीत राहणाऱ्यांना निवासी दर मिळतो, पण गेटवर तिथलं परदेशी नागरिक ओळखपत्र दाखवावं लागतं. नुसता पासपोर्ट चालत नाही. गाडी आणि सायकल यांचं शुल्क वेगळं. पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण ऐन गेटवर नेटवर्क दगा देतं.

गाडी नसली तरी अडत नाही. नैरोबीहून मटाटूने (तिथली प्रवासी मिनीबस) नैवाशा गाव, तिथून तलावाच्या दक्षिणेकडच्या रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या मटाटूने उद्यानाच्या एल्सा गेटच्या फाट्यावर उतरा. सायकली तिथेच भाड्याने मिळतात. ब्रेक, गिअर आणि टायर स्वतः तपासा आणि हवेचा पंप मागून घ्या. घळीपर्यंतचा रस्ता आठेक किलोमीटरचा, धुळीचा, आणि परतताना ऊन डोक्यावर असतं. रानरेडा दिसला तर थांबा, वळसा घाला. फोटोसाठी जवळ जाऊ नका. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली नेता येत नाही: जून २०२० पासून केनियाच्या संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. स्टीलची बाटली घरूनच न्या. ड्रोन घरीच ठेवा, त्याची परवानगी हा स्वतंत्र आणि लांबलचक मामला आहे.

घळीत वाटाड्याशिवाय उतरू नका. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, काही हात भाजतील इतके. खरा धोका पुराचा. घळीत ऊन असताना वर डोंगरात पाऊस पडला तरी पाण्याचा लोंढा मिनिटांत येतो आणि अरुंद जागेत चढायला वाट नसते. २०१२ आणि २०१९ मध्ये इथे माणसं दगावली. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिथले पावसाचे महिने. रेंजरने घळ बंद सांगितली तर हुज्जत घालू नका. संध्याकाळी सहाच्या आत गेटबाहेर पडायचं असतं, म्हणून परतीची सायकल चारच्या सुमारास हाका.

आणि लसीचा पिवळा दाखला चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईत आरोग्य तपासणीचा काउंटर आधी लागतो, सामानाचा पट्टा नंतर.