पावणेचार सेंटिमीटरवर एक झटका

मॉडेल रेल्वेचं इंजिन बिघडलं की आपला हात पहिला स्क्रूड्रायव्हरकडे जातो, आणि माझ्या मते निम्मी इंजिनं तिथेच संपतात. कव्हर निघतं, एक बारीकशी स्प्रिंग टुणकन उडून सोफ्याखाली जाते, आणि मग मूळ बिघाड राहतो बाजूला, आपण टॉर्च घेऊन फरशीवर आडवे. मीही हेच करायचो. आता नाही करत. आता आधी ऐकतो, मग मोजतो, आणि उघडायचं अगदी शेवटी.

माझ्याकडचं इंजिन मामेभावाने पंधराएक वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेलं. जीपी ३८-२ नावाचं एक अमेरिकन डिझेल इंजिन आहे, १९७२ पासून बनायला लागलं, त्याचं एचओ स्केलचं मॉडेल. एचओ म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. (पुण्यात ज्यांनी लहानपणी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघितलंय त्यांना या आकाराचा अंदाज असेल, ते १९९८ ला सुरू झालं, आणि आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे खूळ तिथूनच लागलं.) तर हे इंजिन काही वर्षं पळालं, मग माळ्यावर गेलं, आणि मागच्या पावसाळ्यात भाचा आला म्हणून खाली काढलं.

रुळावर ठेवलं, कंट्रोलरची नॉब फिरवली. चाललं, पण कसं, तर वरात चालावी तसं. त्यात टक... टक... टक असा ठरावीक आवाज आणि प्रत्येक टकला एक बारीक झटका. सांध्यावर, म्हणजे जिथे एका रुळाचे दोन होतात तिथे, पुढचं चाक हमखास घसरणार. आणि पाच मिनिटांत गरम वास. आतून आईचा आवाज आलाच, "काय जळतंय रे?"

म्हणजे तक्रारी चार. स्लो चालतं, टकटक करतं, रूळ सोडतं, तापतं. पहिल्यांदा वाटतं की चार रोग आहेत. इथेच थांबून विचार करायचा.

या इंजिनात वीज येते कुठून, तर रुळांतून. एका रुळात प्लस, दुसऱ्यात मायनस, जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी. उजवीकडची चाकं एका रुळातून करंट उचलतात, डावीकडची दुसऱ्यातून, तिथून पितळी पट्ट्या आणि वायरी, मग मोटरचे कार्बन ब्रश, ते ज्याला टेकून असतात तो मोटरबरोबर फिरणारा तांब्याचा कॉम्युटेटर, आतली तांब्याची गुंडाळी आणि उलट वाटेने परत. पुढे मोटर फिरली की तिच्या शाफ्टवर वर्म असतो, वर्म म्हणजे मळसूत्रासारखा गियर, तो खालच्या गियरना फिरवतो आणि ते चाकांना. एवढीच गोष्ट आहे सगळी. त्यामुळे प्रश्न तीनच उरतात: करंट मोटरपर्यंत पोचतोय का, मोटर फिरतीय का, आणि फिरणं चाकांपर्यंत जातंय का. आणि गंमत म्हणजे तिन्हीची उत्तरं कव्हर न काढता बरीचशी मिळतात, एक साधा मल्टिमीटर असला की झालं. माझा पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळाजवळून घेतलेला आहे, अगदी स्वस्तातला.

मल्टिमीटर अँपिअरवर ठेवायचा आणि कंट्रोलर ते रूळ यातल्या एका वायरीच्या मध्ये जोडायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. चुकून दोन्ही रुळांवर आडवा लावलात तर मीटरचा फ्यूज गेला समजा, माझे दोन गेलेत. आता इंजिन चालवून आकडा बघा. आकडा शून्य आणि इंजिन गप्प, म्हणजे वाट कुठेतरी तुटलीय, चाकांवर मळ, वायर सुटलेली, ब्रश संपलेले. आकडा नाचतोय, आत्ता आहे आत्ता नाही, म्हणजे रूळ नाहीतर चाकं घाण. आणि आकडा नेहमीपेक्षा जास्त, तरी इंजिन हळू, म्हणजे वीज व्यवस्थित पोचतीय पण मोटरला कोणीतरी धरून ठेवलंय.

माझा आकडा आला ०.३० अँपिअर, पूर्ण १२ व्होल्टला. हे इंजिन नवीन असताना मी वहीत लिहून ठेवलं होतं, ०.१५. दुप्पट.

आता हे जरा उलटं वाटतं ना, हळू चालणारं इंजिन जास्त करंट खातं. पण यात फिजिक्सचा एक मस्त भाग आहे. डीसी मोटर आणि डायनॅमो ही एकच वस्तू आहे. मोटर फिरायला लागली की तिची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात फिरते, आणि फिरते म्हणून तिच्यातच एक व्होल्टेज तयार होतं, तेही आपण दिलेल्या व्होल्टेजच्या उलट्या दिशेचं. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. म्हणजे मोटर स्वतःच करंटला अडवत असते, जेवढी जोरात फिरेल तेवढं जास्त. माझ्या मोटरच्या गुंडाळीचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. ०.१५ अँपिअर वाहताना गुंडाळीत ३ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ९ व्होल्ट या उलट्या दाबाने अडवलेले असतात. ०.३० अँपिअर झाला तर गुंडाळीत ६ व्होल्ट गेले, बॅक ईएमएफ उरला ६, म्हणजेच स्पीड नऊवरून सहावर, दोन तृतीयांश. हा झाला आमच्या वरातीचा हिशोब!

आणि वासाचा हिशोबही यातच आहे. गुंडाळीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. ०.४५ वॉटचे झाले १.८ वॉट. आणि मोटर पूर्णच अडकली असती तर बॅक ईएमएफ शून्य, करंट ०.६ आणि ७.२ वॉट, सोळापट, तेही अंगठ्याएवढ्या मोटरमध्ये जिला हवा खायला जागा नाही. अडकलेल्या इंजिनाला "जाईल जाईल" म्हणत फुल्ल नॉब देऊन ढकलणारे लोक मोटर कशी जाळतात ते कळलं असेल.

म्हणजे चारपैकी दोन तक्रारी एकाच कारणाच्या निघाल्या, कुठेतरी अडकतंय. कुठे? तर तेच ते टकटक सांगतं.

झटका ठरावीक अंतराने येतो हे कानाला कळत होतंच, मग म्हटलं अंतरच मोजू. रुळाच्या कडेला शाळेतली पट्टी ठेवली, इंजिन अगदी हळू सोडलं आणि प्रत्येक झटक्याला पेन्सिलीने खूण करत गेलो, भाच्याला काम दिलं की तू नुसतं टक म्हण. दहा झटक्यांना अंतर भरलं ३६.८ सेंटिमीटर, म्हणजे एका झटक्याला साधारण ३.७, पावणेचारच म्हणा. आता खऱ्या जीपी ३८-२ चं चाक ४० इंची, म्हणजे १०१६ मिमी. भागिले ८७, आले ११.७ मिमी. गुणिले पाय (३.१४), परिघ ३६.७ मिमी.

मला तर अंगावर काटाच आला. झटका चाकाच्या एका फेरीला बरोब्बर एक! बिघाड मोटरमध्ये असता तर? माझ्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला मोटर १४ वेळा फिरते, म्हणजे मोटरचा किंवा वर्मचा दोष दर अडीच मिलिमीटरला आला असता, त्याची टकटक झाली नसती, घरघर झाली असती. मधल्या गियरचा असता तर त्याच्या दातांच्या हिशोबाने वेगळंच अंतर आलं असतं. म्हणजे दोष अशा वस्तूत आहे जी चाकाबरोबर फिरते. चाक किंवा ॲक्सलवरचा गियर, बास. अजून एकही स्क्रू काढलेला नव्हता.

मग काढले. खालचा चाकांचा गाडा उतरवला, रेल्वेवाले त्याला बोगी म्हणतात (आपण डब्याला बोगी म्हणतो ते चुकीचं, पण ते आता कोण सुधारणार). आत बघतो तर ग्रीसचा मेण झालेला. ग्रीस म्हणजे साबणासारख्या एका पदार्थात धरून ठेवलेलं तेल असतं, वर्षानुवर्षांत तेल निघून जातं आणि साबण तेवढा मागे राहतो, घट्ट, पिवळा. आणि त्यात एक वेगळा वास, ओळखीचा. खोबरेल! मग आठवलं, हे पाप माझंच, कधीतरी आवाज करतंय म्हणून घरात होतं ते तेल घातलं होतं. खोबरेल तेल २४ अंशाच्या खाली गोठतं, थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेच गियरमध्ये घातलं तर तिथेही गोठणार हे डोक्यात येत नाही. वर ते जुनं झालं की चिकट होतं ते निराळंच. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुतलं, कोपऱ्यांत टूथपिक.

आणि मग दिसली ती. पुढच्या ॲक्सलच्या प्लास्टिक गियरला एक चीर, केसाएवढी, बरोबर दोन दातांच्या मधल्या खाचेतून आरपार.

हे असं का होतं ते बघण्यासारखं आहे. चाकं धातूची, आणि उजवी डावी एकमेकांना विजेने जोडली गेली तर शॉर्ट सर्किट. म्हणून ॲक्सल सलग नसतो, दोन अर्धे दांडे असतात आणि मध्ये हा प्लास्टिकचा गियर, दोन्ही दांडे त्याच्या भोकात दोन बाजूंनी दाबून बसवलेले. गियर म्हणजे गियरही आणि इन्सुलेटरही. दांडे सुटू नयेत म्हणून भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवतात, म्हणजे ते प्लास्टिक बनल्या दिवसापासून ताणलेलंच असतं, लाकडात पाचर ठोकून ठेवल्यासारखं. माळ्यावर पडून असतानाही ताण चालूच. आणि गियर सगळ्यात पातळ कुठे, तर दाताच्या खाचेत, म्हणून फाटतो तिथेच. फाटला की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं, शेजारच्या गियरचा दात तिथे आला की नीट बसत नाही, चढतो आणि सटकतो. टक.

बरं, चिरलेला गियर दांड्यांना घट्ट धरत नाही, त्यामुळे चाकं आत सरकलेली. व्हर्नियरने दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजलं, १३.९ मिमी. एचओला ते साधारण १४.४ लागतं. सरळ रुळावर अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही पण सांध्यावर चाकाची कड चुकीच्या फटीत शिरते आणि इंजिन खाली. चौथी तक्रारही त्याच चिरेच्या नावावर.

गियरला लगेच चिकटणारा ग्लू लावून बघितला, सगळेच बघतात. असे गियर बहुतेक ॲसिटल नाहीतर नायलॉन या प्लास्टिकचे असतात. ॲसिटल इतकं गुळगुळीत आणि बिनचिकट की म्हणूनच तर त्याचे गियर करतात, त्याला ग्लू काय धरणार. आणि समजा धरला तरी पाचर आतच आहे ना, ताण तसाच, दोन दिवसांत परत फाटणार. माझा दोन तासांत फाटला. शेवटी नवे गियर मागवले, चारही ॲक्सलचे, कारण बाकीचे तिघं त्याच वयाचे आणि त्याच ताणाखालचे.

पार्सल यायला तीन आठवडे. तेवढ्यात बाकीचं उरकलं. मोटरला बाहेरून थेट ९ व्होल्टची बॅटरी लावून बघितली, दोन्ही दिशांना गुळगुळीत फिरली. (इंजिन अगदीच मेलेलं असेल तर ही टेस्ट आधी करा, मोटर फिरली तर दोष वायरी-चाकांकडचा.) माझ्या मोटरचा कॉम्युटेटर म्हणजे तांब्याचे तीन तुकडे, मध्ये बारीक फटी, त्या फटींत ब्रशची कार्बनची पूड साठते आणि करंट भलतीकडून जातो, ती टूथपिकने खरवडली. तिथे तेल अजिबात घालायचं नाही, तेल आणि कार्बनचा चिखल होतो. तेल घालायचं ते शाफ्टच्या बेअरिंगला, सुईच्या टोकावर मावेल एवढं. चाकं साफ करायला रुळावर अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू आडवा टाकला, एक बोगी टिश्यूवर, दुसरी उघड्या रुळावर, इंजिन हाताने धरून चालवलं, काळे पट्टे उमटले. पॉलिश पेपर मारू नका, ओरखड्यांत मळ दुप्पट बसतो.

डिजिटल इंजिन असेल, म्हणजे आत मोटर चालवणारी चिप असेल, तर त्या चिपची भानगड वेगळी, पण तिथेही मोटर अडकली की तोच वाढलेला करंट चिपला मारतो, म्हणून नवी चिप टाकण्याआधी गियर बघा. एकाच दुखण्याला औषध नाही, जुन्या इंजिनांच्या जस्ताच्या चॅसिसला. त्या मिश्रणात थोडंसं शिसं राहून गेलेलं असलं की वर्षांनी धातू आतून फुगतो, भेगा पडतात, शेवटी बिस्किटासारखा चुरा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली बरीच खेळणी अशी गेली. माझं नशीब, चॅसिस सरळ होती.

गियर आले. दांडे दाबताना एकेका बाजूने थोडं थोडं, दर वेळी व्हर्नियर, १४.१, १४.३, १४.४, थांब. चिमूटभर नवं ग्रीस, प्लास्टिकला चालणारं. मीटर लावला आणि १२ व्होल्ट दिले: ०.१६. सांध्यावरून गेलं, उलटं आणलं, परत गेलं. भाचा पट्टी आणि पेन्सिल घेऊन तयारच बसला होता, टक म्हणायला, बराच वेळ वाट बघितली त्याने आणि मग वैतागून उठून गेला.

मागचा दिवा अजून लागत नाही. तो गणपतीनंतर बघू.