अकाउंट एक्झिक्युटिव्ह की अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह?

नोकरीच्या साइटवर ‘अकाउंट’ आणि ‘नागपूर’ टाकलं की दोन्ही जाहिराती एकाच यादीत येतात. मग टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) शिकलेली बी.कॉम.ची मुलं सेल्सच्या मुलाखतीला जाऊन बसतात. फरक एका ‘स’चा, पण काम पूर्ण वेगळं.

अकाउंट्सवाला हिशोब सांभाळतो. बिलं टॅलीत चढवणं, बँकेशी मेळ घालणं, महिन्याच्या 7 तारखेपर्यंत टीडीएस (कापून ठेवलेला कर) भरणं, 11 पर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण), 20 पर्यंत 3बी (जीएसटी भरण्याचं विवरण). इतवारीतल्या ठोक दुकानापासून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत त्याची गरज असते. पगार ठरलेला; तारीख चुकली तर व्याज आणि लेट फी.

सेल्समध्ये ‘अकाउंट’ म्हणजे ग्राहक कंपनी. अकाउंट एक्झिक्युटिव्हचं काम सौदा पूर्ण करणं: गरज समजून घ्या, डेमो द्या, कोटेशन पाठवा, भाव ठरवा, सही घ्या. पगाराचा एक भाग पक्का, दुसरा टार्गेटवर. समजा तिमाहीचं टार्गेट 30 लाख आहे, सरासरी सौदा 3 लाखांचा आणि चारांतला एक जमतो. म्हणजे 10 सौद्यांसाठी 40 खरे ग्राहक, 1 कोटी 20 लाखांची पाइपलाइन (बोलणी चालू असलेल्या सौद्यांची एकूण रक्कम) हवी. हा हिशोब पहिल्या आठवड्यातच मांडावा. तिमाहीच्या शेवटी जाग आली तर हाती फक्त डिस्काउंट उरतो.

बहुतेक सौदे भावावर अडत नाहीत. हिंगण्याच्या कारखान्यात खरेदी अधिकारी तीनदा चहा पाजतो, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो; सहीचा अधिकार मात्र मालकाकडे असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं: मंजुरी कोण देतं, बजेट कोणत्या महिन्यात ठरतं, आत्ता हे काम कसं चालतं? हे न विचारता लॅपटॉप उघडून डेमो सुरू करणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक.

फ्रेशरला हे पद सहसा थेट मिळत नाही. आधी इनसाइड सेल्समध्ये वर्ष-दोन वर्षं फोन करून भेटी ठरवाव्या लागतात. जाहिरातीत टॅली, जीएसटी दिसलं तर हिशोबाची नोकरी. क्लायंट, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर), इन्सेंटिव्ह दिसलं तर विक्रीची. मुलाखतीत नक्की विचारा: पक्का पगार किती, लीड (संभाव्य ग्राहक) कोण आणतं, गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर ती नोकरी घेऊ नका.

बी.कॉम. मात्र सेल्समध्ये वाया जात नाही. मालकाने होकार दिल्यावर फाइल जाते ग्राहकाच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्हकडेच. व्हेंडर (पुरवठादार) नोंदणीसाठी पॅन, जीएसटी क्रमांक, रद्द केलेला चेक तो मागतो. बिलावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नसला तर पेमेंट थांबवतो. त्याला काय लागतं हे आधीच माहीत असलेल्याचे पैसे अडकत नाहीत.