दिल्लीच्या असेंब्लीत जायचं तर काय लागे? मुदत तीन वर्षं, तीही व्हाइसरॉयच्या मर्जीनं

‘आमचे पणजोबा असेंब्लीचे मतदार होते’ असं घरात कुणी सांगत असेल, तर त्याचा पहिला अर्थ एवढाच की त्यांच्या नावावर बऱ्यापैकी जमीन होती किंवा ते प्राप्तिकर भरत होते. 1919 च्या कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानसाठी जी लेजिस्लेटिव्ह असेंब्ली (दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचं खालचं सभागृह) आली, तिची दारं एवढीच किलकिली होती.

मतदाराला वयाची 21 वर्षं पूर्ण लागत. शिवाय सारा, प्राप्तिकर किंवा घरभाडं यांची ठरावीक रक्कम. ती प्रांतागणिक वेगळी, पण प्रांतिक कौन्सिलच्या, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाच्या, मतदारापेक्षा जास्तच. त्यामुळे मुंबई कौन्सिलला मत देणारा शेतकरी दिल्लीच्या निवडणुकीत घरी बसे. 1934 मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार होते सुमारे 14 लाख. मुसलमान, शीख, युरोपियन, जमीनदार यांचे मतदारसंघ वेगळे. कोल्हापूर, सांगली, औंध अशा संस्थानांतल्या रयतेनं यादीत नाव शोधूच नये. त्यांच्यासाठी मतदारसंघच नव्हता.

उमेदवाराचं वय किमान 25, नाव मतदारयादीत, आणि तो सरकारी अधिकारी नको. निवडून आल्यावर सरकारी नोकरी धरली तरी जागा रिकामी होई. कागद फार नव्हते: सूचक आणि अनुमोदकाच्या सह्यांचा उमेदवारी अर्ज, आणि निवडणूक प्रतिनिधी नेमल्याचं निवेदन (स्वतःलाच नेमलं तरी चाले). खरी अट खिशाची, 500 रुपये अनामत. पडलेल्या मतांच्या एक अष्टमांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत की ती जप्त. म्हणजे 8,000 मतं पडली असतील तर हजारावर निदान एक तरी मत हवं. जिंकल्यावर सभागृहात बसण्याआधी बादशहाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ. असहकारवाल्यांना ती घशाखाली उतरवणं अनामतीपेक्षा जड गेलं असणार.

अर्ज नाही, अनामत नाही, प्रचार नाही, असाही एक रस्ता होता: सरकारनियुक्ती. असे चाळीसेक सभासद निवडून आलेल्यांशेजारी बसत.

आता मुदत. कायद्याचं कलम 63-ड म्हणे, पहिल्या बैठकीपासून तीन वर्षं. (वरच्या सभागृहाची, कौन्सिल ऑफ स्टेटची, पाच.) पण गव्हर्नर जनरल, म्हणजेच व्हाइसरॉय, असेंब्ली आधीही बरखास्त करू शके, आणि ‘विशेष परिस्थिती’ वाटली तर मुदत वाढवू शके. परिस्थिती विशेष आहे की नाही हे ठरवणार तोच. सभासदांचा ठराव नको, मतदारांना विचारणं नको. बरखास्तीनंतर पुढची बैठक सहा महिन्यांत बोलवायची; लंडनच्या मंत्रिमंडळातल्या भारतमंत्र्यांची मंजुरी आणली की नऊ.

1926 ला निवडलेली असेंब्ली जानेवारी 1930 मध्ये संपायची, ती व्हाइसरॉय आयर्विननं लांबवली. पण खरी कमाल 1934 च्या असेंब्लीची. काकासाहेब गाडगीळ तिच्यात निवडून गेले होते. जानेवारी 1935 मध्ये पहिली बैठक, म्हणजे 1938 च्या सुरुवातीला निरोप हवा. 1935 च्या कायद्यातलं प्रांत आणि संस्थानं यांचं संघराज्य येणार म्हणून नवी निवडणूक थांबवली, ते आलंच नाही. मग महायुद्ध आलं. मुदतीमागून मुदत वाढत असेंब्ली चालली ती 1945 पर्यंत. 1934 च्या मतदानावेळी पुण्यात कुणी 19 वर्षांचा असेल, घरची जमीन, सारा सगळं असेल, तरी त्याला असेंब्लीसाठी पहिलं मत द्यायला तिशी गाठावी लागली.

जानेवारी 1946 मध्ये शेवटची असेंब्ली भरली. अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर विरुद्ध गणेश वासुदेव मावळंकर, मूळ रत्नागिरीकडच्या मावळंग्याचे. मावळंकर 66 विरुद्ध 63 मतांनी निवडून आले. नियमानं या असेंब्लीला 1949 पर्यंत बसता आलं असतं; ती 14 ऑगस्ट 1947 ला संपली, आणि या वेळी मुदत अपुरी राहिल्याची कुणी तक्रार केली नाही.