“ठीक आहे.” मधलं ते टिंब

परवा शाळेच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने मला उत्तर दिलं, “ठीक आहे.” आणि मी दोन मिनिटं विचार करत बसले की ही चिडलीये का. शब्द दोनच, पण शेवटी टिंब होतं ना! “ठीके गं” लिहिलं असतं तर माझ्या डोक्यात काही आलंसुद्धा नसतं.

हा नुसता माझा संशयी स्वभाव नाही हं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले, एकजण काहीतरी विचारतो आणि दुसरा एका शब्दात हो म्हणतो असे, तर मेसेजमध्ये ज्या उत्तरापुढे पूर्णविराम होता ते विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असेल तर मात्र काही फरक नाही. कारण चॅटमध्ये सेंड दाबलं की वाक्य संपलंच, टिंबाला काम उरत नाही, मग कोणी तरीही ते टाकलं की वाचणारा त्यात अर्थ शोधायला लागतो.

तसा पूर्णविराम आपल्याकडे पाहुणाच. मोडी लिहिणारे सलग लिहीत जायचे, शब्दसुद्धा तोडायचे नाहीत. विरामचिन्हं रुळली ती इंग्रजी अमलात, मराठीचे कोशकार इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांचं नाव त्यासाठी घेतात. आणि आता माझी भाची टिंबाशिवाय सलग टाइप करते तर आम्ही तिला नावं ठेवतो!

खरी अडचण सुराची आहे. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला, त्यात काही वाक्यं सरळ आणि काही टोमणे, ती ईमेलने किंवा आवाजातून पाठवायची आणि समोरच्याने ओळखायचं की हा टोमणा आहे का. पाठवणाऱ्यांना वाटलं दोन्हीकडे साधारण ७८ टक्के वेळा कळेल. आवाजातून ७३ टक्के वेळा कळलं, ईमेलमधून फक्त ५६, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच. लिहिताना आपला सूर आपल्याला डोक्यात ऐकू येत असतो, आणि तो पलीकडे गेलेलाच नाही हे लक्षात येत नाही. याच भानगडीमुळे १९ सप्टेंबर १९८२ ला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोद असेल तर पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, एक रेघ आणि कंस टाका, आडवा हसरा चेहरा.

मराठीला मला वाटतं इमोजीची गरज जरा कमीच पडावी. “ये”, “ये ना”, “ये की”, “ये हं”, “ये बाबा एकदाचा”, प्रत्येकात सूर वेगळा, आणि टाइप करूनही तो पोचतो. पण एसएमएसच्या काळात हे सगळं रोमनमध्ये गेलं, कारण रोमनमध्ये एका मेसेजात १६० अक्षरं मावायची आणि देवनागरीत ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या, ‘मैत्री’ म्हणजे सहा! मग ‘बाळ’ आणि ‘बाल’ सारखेच दिसायचे आणि आपण संदर्भाने काम भागवायचो.

आता मैत्रीचं. रॉबिन डनबार या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या तीन हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली, तर फेसबुकवरचे मित्र सरासरी दीडशेच्या आसपास निघाले, पण अडचणीत ज्यांच्याकडे धावता येईल असे जेमतेम चार. हा आकडा फेसबुकमुळे वाढलेला नाही. त्यांचं म्हणणं असं की माकडं एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरत बसतात ते नुसतं स्वच्छतेसाठी नाही, तर जवळीक टिकवायला, आणि माणसात ते काम गप्पा करतात. म्हणून रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणाऱ्या काकांवर मी आता वैतागत नाही, त्यात माहिती शून्य असते पण “मी आहे रे इथे” एवढं पोचतं. ऑनलाइन संपर्काने मैत्री विरायचा वेग कमी होतो, पण मधूनमधून प्रत्यक्ष भेट लागतेच असंही डनबार म्हणतात.

मी भेटले नाही, पण मैत्रिणीला फोन केला. चिडलीस का गं विचारलं. ती मराठी शिकवते. म्हणाली, “चिडायचं काय त्यात? अगं, वाक्य संपलं होतं.”