भाता बिघडलाय की पाऊच?

शिकागोच्या पेस कंपनीने 1930 च्या दशकात ‘पेसेस रेसेस’ नावाचं जुगाराचं यंत्र काढलं. काचेखाली सात घोडे. नाणं टाकायचं, घोडा निवडायचा आणि शर्यत बघायची. आतली करामत मात्र स्वयंचलित पियानोची: छिद्रं पाडलेला कागदी रोल आणि हवा. हवा म्हटलं की फुंकणं आठवतं, पण हे यंत्र फुंकत नाही, ओढतं. पंप आतली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा आत शिरायला बघते, त्या ओढाताणीवर घोडे पळतात.

असं जुनं यंत्र उघडलं की फाटके, कडक झालेले भाते आधी दिसतात आणि हात लगेच कात्रीकडे जातो. माझाही गेला होता. सगळ्या भात्यांना नवं कापड चढवलं, तरी एक घोडा ढिम्म. बिघाड पाऊचमध्ये होता.

भाता म्हणजे दोन फळ्या आणि त्यांच्याभोवती रबर चढवलेलं कापड. आतली हवा ओढली गेली की तो मिटतो आणि घोड्याला पुढे सरकवतो. पाऊच ही झडपेखालची पातळ चामड्याची चकती. रोलचं छिद्र आलं की नळीतून हवा येते, चकती फुगते, झडप उचलली जाते आणि मगच भात्यातली हवा ओढली जाते. छिद्र सरकलं की चकतीखाली अडकलेली हवा एका बारीक भोकातून निघून जाते आणि झडप खाली बसते. म्हणजे कष्ट भात्याचे, हुकूम पाऊचचा.

बिघाडही त्यानुसारच दिसतो. भाता गळका असेल तर घोडा हलतो, पण रडतखडत, आणि पंपाची ओढ वाया जात असल्याने बाकीचेही मंदावतात. पाऊच गळका असेल तर आलेली हवा झडप उचलण्याआधीच निसटते आणि घोडा जागचा हलत नाही. ते बारीक भोक धुळीने बुजलं असेल तर उलटच: निघालेला घोडा थांबायचं नाव घेत नाही. छिद्र नसताना घोडा पळाला, तर आधी नळीला चीर पडलीय का ते बघा.

भात्याची परीक्षा सोपी. हाताने मिटा, तोंडावर अंगठा दाबा आणि सोडा. मिटलेला राहिला तर ठीक. पाऊचसाठी पंप चालू ठेवून रोलकडची नळी काढा. तोंड उघडं असताना घोडा हलला आणि बोटाने बंद केल्यावर थांबला, तर पुढचं सगळं बहुधा शाबूत आहे. कचरा रोलखालच्या पट्टीच्या भोकांत शोधा.

दोन्हींचं सामान एकमेकांना चालत नाही. भात्याचं कापड पाऊचला जाड पडतं, पाऊचचं चामडं भात्यात टिकत नाही. शिवाय पाऊच ताणून चिकटवायचा नाही, किंचित खोलगट ठेवायचा. ताठ चकती झडप उचलणार कशी? गोंदाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे: दोन्हीकडे गरम सरसच. पांढरा गोंद लाकडात मुरतो आणि पुढच्या दुरुस्तीत फळी खरवडत बसावं लागतं. सरस वाफेने सुटतो.